किल्टवर स्पोरन: चामड्याचा, फरचा की मधला?

स्कॉटलंडमध्ये शिकायला किंवा नोकरीसाठी आलेल्या आपल्या मंडळींना पहिला किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा निऱ्यांचा लोकरी घागरा, बहुतेक वेळा मित्राच्या लग्नात किंवा पदवीदानाच्या दिवशी घालायला मिळतो. दुकानात किल्टचं माप अगदी चोख घेतात, बुटांचा नंबर दोनदा विचारतात. स्पोरनची, म्हणजे किल्टवर पुढे लटकवायच्या पिशवीची, निवड मात्र "हा चालेल ना?" एवढ्यावर उरकते. मग संध्याकाळ होईतो कंबर अवघडते ती या स्पोरनमुळेच.

किल्टला खिसे नसतात. पाकीट, फोन, किल्ल्या सगळं पोटाखाली लटकणाऱ्या या पिशवीत जातं आणि ते वजन दिवसभर तुमच्या कमरेवर असतं. म्हणून माझा सल्ला असा की आधी पट्टा बघा, पिशवी नंतर. आणि पिशवी निवडताना तुम्ही त्या दिवशी किती बसणार, किती चालणार आणि किती नाचणार याचा विचार आधी करा, रूपाचा मागाहून.

रोजच्या वापराचा स्पोरन संपूर्ण चामड्याचा असतो, तपकिरी किंवा काळा. झाकणावर बऱ्याचदा केल्टिक गाठींची नक्षी ठोकलेली असते आणि समोर चामड्याचे तीन गोंडे. तो चपटा असतो, अंगालगत बसतो, पावसात भिजला तर पुसून टाकता येतो. ट्वीडचं जॅकेट, साधा शर्ट, स्वेटर, कशावरही शोभतो. फक्त काळ्या बो-टायच्या संध्याकाळी तो थोडा साधा दिसतो.

दुसऱ्या टोकाला समारंभाचा स्पोरन. वरच्या बाजूला धातूची कोरीव कमान, खाली सगळी फर, आणि गोंडे बारीक साखळ्यांना लटकवलेले. फोटोत याला तोड नाही. पण तो जड असतो, आणि खाली बसलं की ती कमान थेट पोटात रुतते. चार तासांच्या जेवणात हे फार जाणवतं. मधला प्रकार म्हणजे झाकण चामड्याचं आणि पुढचा भाग फरचा. भाड्याच्या पोशाखात सहसा हाच देतात, आणि ते योग्यच आहे: थोड्या साध्या आर्गाइल जॅकेटवर चालतो, संध्याकाळच्या औपचारिक प्रिन्स चार्ली जॅकेटवरही चालतो, आणि बसताना पोटाशी भांडत नाही. आयुष्यात एकच स्पोरन घ्यायचा असेल तर मी बिनदिक्कत हाच सुचवेन.

घोड्याच्या केसांचा लांबलचक स्पोरन बॅगपाइप वाजवणाऱ्या पाइप बँडमध्ये दिसतो. तो उभं राहून संचलन करणाऱ्यासाठी आहे. लग्नाला नको.

मूळचे जुने स्पोरन यातल्या कशासारखेच नव्हते. हरणाच्या मऊ कातड्याची पिशवी, तोंडाशी वादी आवळलेली, आपल्याकडच्या कमरेच्या चंचीसारखी. 1746 च्या कायद्याने हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागाच्या, पोशाखावर बंदी आली, ती 1782 मध्ये उठली. पुढे 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा किल्ट दिमाखाचा पोशाख झाला. स्पोरनवरचा थाट त्यानंतर आणखी वाढला. वादीचा मऊ स्पोरन आजही बनतो. औपचारिक समारंभ नसेल तर तो जरूर हाताळून पाहा, अंगाचा आकार घेण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

फरबद्दल एक काळजी घ्या. जुन्या समारंभी स्पोरनांवर सील या समुद्री प्राण्याची फर सर्रास असते. अमेरिकेत 1972 च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यामुळे असा स्पोरन नेणं अडचणीचं ठरतं, आणि युरोपीय संघानेही 2010 पासून सीलच्या वस्तूंच्या व्यापारावर कडक निर्बंध घातले आहेत. न्यू जर्सीच्या चुलतभावाच्या लग्नाला किल्ट घालून जायचं मनात असेल, तर सेकंडहँड दुकानातला तो चकचकीत राखाडी स्पोरन घेऊ नका. सशाची किंवा गुरांच्या कातड्याची फर मिळते. प्राण्याचं काहीच नको असेल तर कृत्रिम फर आणि कृत्रिम चामड्याचेही स्पोरन असतात.

आता पट्टा, कारण खरी सोय इथेच आहे. नेहमीचा पट्टा दोन जातींचा मिळून बनतो: मागे चामडं आणि बक्कल, दोन्ही बाजूंनी पुढे येणारी साखळी. समारंभात हाच शोभतो. पण साखळी नेमकी कमरेच्या हाडावरून जाते, आणि चालताना लोकरीवर सतत घासते. वर्षानुवर्षं वापरलेला किल्ट उजेडात धरून पाहा: निऱ्या सुरू होतात त्या जागी, बरोबर साखळीच्या रेषेत, लोकर चपटी आणि चकचकीत झालेली दिसेल. म्हणून विकत घेताना साखळीवरून बोट फिरवा. एखाद्या कडीची कड बोटाला खरखरीत लागली, तर ती किल्टचा धागाही ओढणार.

पूर्ण चामड्याचा पट्टा लोकरीला जपतो आणि कमरेला टोचत नाही. रोजच्या वापराला साखळीपेक्षा तो केव्हाही बरा. तिसरा पर्याय म्हणजे किल्टच्या रुंद कमरपट्ट्यावरून सोडलेल्या दोन आखूड वाद्या, त्यांना स्पोरन अडकवायचा. वजन रुंद पट्ट्यावर पसरतं, कमरेभोवती दुसरं काही आवळावं लागत नाही. पाठदुखी असणाऱ्यांनी आधी हाच वापरून पाहावा. अडचण एवढीच की वेस्टकोट घातला की कमरपट्टा घालायचा नसतो, त्यामुळे संध्याकाळच्या पोशाखात हा मार्ग बंद.

बांधताना किल्ट आधी बेंबीच्या उंचीवर नीट बसू द्या. स्पोरनचा पट्टा त्याच्या खाली, कमरेच्या हाडांवर टेकतो. बऱ्याच किल्टना पाठीमागे दोन लूप असतात, त्यातून पट्टा ओवा. सडपातळ माणसाचा पट्टा नाहीतर घसरत राहतो. स्पोरनची वरची कड रुंद कमरपट्ट्याच्या बकलाखाली, किंवा वेस्टकोटच्या खालच्या टोकाखाली, चार बोटं यायला हवी. फार वर बांधला तर बसताना पोटात जातो, फार खाली सोडला तर पावलागणिक मांड्यांवर आपटतो. दोन्ही बाजूंना साखळीच्या कड्या सारख्याच मोजून अडकवा, एका कडीचा फरक पडला तरी पिशवी तिरकी दिसते. उभं राहून जमलं की लगेच खुर्चीवर बसून पाहा. ही चाचणी दुकानातच करायची.

पोट सुटलेलं असेल तर पट्टा पोटाच्या खालूनच जाऊ द्या, आणि पिशवी छोटी, चपटी घ्या. मोठा स्पोरन अशा बांध्यावर पुढे कलतो आणि पट्टा कितीही आवळला तरी सरळ होत नाही.

बसताना स्पोरन दोन मांड्यांच्या मधोमध येऊ द्या. त्याच्या वजनाने किल्टचा पुढचा भाग खाली राहतो, लाज राखायचं अर्धं काम तोच करतो. गाडी चालवताना मात्र तो कमरेच्या बाजूला सरकवा, सीटबेल्टखाली दाबून ठेवू नका. ‘केली’ या स्कॉटिश लोकनृत्याच्या मेळाव्यात नाचतानाही तेच. तिथल्या ‘स्ट्रिप द विलो’ या नाचात गिरक्या घेताना समोर लटकलेला जड स्पोरन तुम्हालाही लागतो आणि जोडीदारालाही. ढोल वाजवणारेही तो कुशीवर सरकवतात.

फोन मोठा असेल तर तो सोबत नेऊन प्रत्यक्ष आत घालून पाहा. जुन्या घाटाच्या कित्येक स्पोरनांत आजचे फोन मावतच नाहीत. मावला तरी फोन, पाकीट आणि किल्ल्यांचा जुडगा असं सगळं एकत्र कोंबू नका. किल्ल्या जॅकेटच्या खिशात टाका.

एकाच लग्नाचा प्रश्न असेल तर पोशाख भाड्याने घ्या, पण स्पोरन बांधून, बसून, चार पावलं चालून बघितल्याशिवाय दुकानातून निघू नका. साखळी टोचत असेल तर चामड्याचा पट्टा आहे का ते तिथेच विचारा. वर्षातून दोनतीनदा तरी घालणार असाल, म्हणजे 25 जानेवारीची कवी रॉबर्ट बर्न्सच्या स्मरणाची बर्न्स नाइट, 30 नोव्हेंबरचा स्कॉटलंडच्या संताचा सेंट अँड्र्यूज डे, मित्रांची लग्नं, तर किल्ट भाड्याचा राहिला तरी स्पोरन आणि पट्टा स्वतःचा घ्या. पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये बनलेले स्पोरन स्कॉटलंडमध्ये हाताने शिवलेल्यांपेक्षा बरेच स्वस्त पडतात. घेताना झाकणाखालची शिलाई, मागच्या बाजूच्या कड्यांची पकड आणि पट्ट्याच्या कडा तपासा. पैसे मोजकेच असतील तर पिशवी साधी चालेल, पट्टा चांगला घ्या.