पदवी झाली, बॅज मिळाला; आता मासळीची गाडी की टँकर?

पदवी घेऊन हेवीचं लायसन काढणारी पोरं आमच्या चिपळूण-रत्नागिरीकडे आता नवलाईची राहिलेली नाहीत. त्यामुळे "एवढं शिकून ड्रायव्हर?" या प्रश्नात मी शिरत नाही. तो घरचे विचारतील, शेजारचे विचारतील आणि स्थळ सांगून आलं की पुन्हा एकदा विचारला जाईल. ठेकेदाराच्या कागदावर कंपनीत बारा तास उभं राहण्यापेक्षा स्टिअरिंग बरं, असं ज्यांचं ठरलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. चिऱ्याचे डंपर आणि आंब्याच्या पेट्या बाजूला ठेवू, ती कामं एकतर गावातल्या गावात, नाहीतर हंगामापुरती. बारमाही विचार करायचा तर मिरकरवाडा-हर्णैकडून मासळी भरणारी गाडी, नाहीतर लोटे एमआयडीसीतून निघणारा केमिकलचा टँकर. मी आधी मासळीवर होतो, आता टँकरवर आहे.

पैशाचं आधी उरकतो. मासळी खेपेवर, टँकर पगार अधिक भत्ता. सप्टेंबर ते डिसेंबर, म्हणजे पर्ससीनच्या (मोठ्या घेरजाळ्यांच्या मासेमारीच्या) दिवसांत, मासळीवाल्याचा खिसा टँकरवाल्यापेक्षा जड असतो, हे मान्यच करायला हवं. पण 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. शेठ गाडी शेडमध्ये लावतो आणि "नारळी पौर्णिमेला भेटू" म्हणतो. आमच्या शेठनं त्या दिवसांत थोडी उचल तरी दिली, सगळे देतात असं नाही. घरी भातशेती असेल तर हे दोन महिने उलट सोयीचेच पडतात. माझ्याकडे शेती नावापुरती, म्हणून मला ते जड गेलं.

चालवण्यातला फरक बघा. मासळी रात्रीची. संध्याकाळी लिलाव आटोपला की क्रेट भरायचे, वर बर्फ मारायचा आणि उजाडायच्या आत मुंबईचा बाजार गाठायचा. उशीर झाला तर भाव पडतो, म्हणून फोन सतत चालू: "कुठवर आलास?" कशेडीला बोगदा झाल्यापासून तो टप्पा सुखाचा झालाय, पण रात्रीची घाई ती घाईच. वय पंचविशीचं असेल तर त्यात एक मजाही असते, खोटं कशाला बोला.

टँकरला घाई चालत नाही. कुंभार्ली घाट उतरताना हे अंगावर येऊन कळतं. काठोकाठ भरलेला टँकर शहाण्यासारखा वागतो. अर्धवट भरलेला असेल तर मात्र ब्रेक मारल्यावर गाडी थांबते आणि आतला माल थांबत नाही. तो पुढे येऊन धडकतो, मग मागे जातो, आणि तेवढ्यात पुढचं वळण आलेलं असतं. टाकीत आडवे पत्रे असतात, तरीही. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण एखाद्या टँकरवाल्यानंच केली असावी. उपाय एकच, वरूनच खालच्या गियरमध्ये उतरायचं आणि मागचा कितीही हॉर्न मारो, तिकडे लक्ष द्यायचं नाही.

पदवीचा उपयोग कुठे होतो म्हणाल, तर इथे होतो. धोकादायक माल वाहायचा तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 9 लागतो. ड्रायव्हरला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवं, शिवाय तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि लायसनवर तशी नोंद. अनेक जण हे कागदापुरतं करतात. पण गाडीच्या पाटीवर 1830 लिहिलंय म्हणजे आत सल्फ्युरिक ॲसिड आहे, आणि केबिनमधल्या ट्रेम कार्डावर सांडल्यावर काय करायचं ते छापलंय, हे वाचून समजणारा माणूस वेगळा. एकदा कराडच्या अलीकडे धाब्यावर थांबलो असताना मागच्या व्हॉल्व्हमधून थेंब पडताना दिसले. धाब्यावरची माणसं चांगल्या मनानं पाण्याच्या बादल्या घेऊन धावली. तीव्र ॲसिडवर पाणी पडलं की उष्णतेनं ते उसळून अंगावर उडतं, हे प्रॅक्टिकलच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. मी आडवा उभा राहिलो, बादल्या खाली ठेवायला लावल्या आणि शेजारच्या बांधकामावरची कोरडी वाळू टाकली. नंतर कंपनीत फोन केला. एरवी बी.एस्सी.चं सर्टिफिकेट ट्रंकेतच असतं, त्या दिवशी मात्र कामाला आलं.

टँकरचा त्रास म्हणजे गेट. वजनकाट्यावर नंबर लागतो, सॅम्पल लॅबला जातं, रिपोर्ट येईस्तोवर गाडी बाहेर उभी. कधी दुपार जाते, कधी रात्रसुद्धा. एका कंपनीत सॅम्पल तपासणारा माझ्याच वर्गातला निघाला. तो आत ठेक्यावर, मी बाहेर टँकरवर. कोणाचं बरं चाललंय यावर आमचं अजून एकमत नाही. थांबून राहणं ज्याला सोसवत नाही त्यानं टँकरच्या वाटेला जाऊ नये, असं मी प्रामाणिकपणे सांगेन. मला झोपता येतं, वाचता येतं, त्यामुळे चालून जातं.

आता मी मासळी का सोडली ते. रात्र नाही, फोन नाही, पैसे तर नाहीतच. बर्फाचं पाणी.

मासळीला जवळजवळ तेवढाच बर्फ लागतो, आणि तो वितळणारच. ते पाणी रक्त, खवले सगळं घेऊन खाली येतं. ते साठवायला गाडीखाली टाकी होती, पण तिचा कॉक गंजून उघडाच बसलेला. शेठला सांगितलं की "पुढच्या खेपेला बघू". ती खेप काही आली नाही. सपाटीला पाणी थेंब थेंब गळायचं, चढ लागला की सगळं मागे धावून एकदम सांडायचं. मागे बाइकवाला असला की संपलंच. हातखंब्याच्या पुढे एक जण हळदीला निघालेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट. गाडीला बाइक आडवी घालून थांबला आणि त्यानं जे काही ऐकवलं, त्यातला एकही शब्द मला चुकीचा वाटला नाही. वळणावर ते पाणी पडलं की दुचाकी घसरते, म्हणून गावकरीही गाडी अडवतात. पोलिसांनी पावती फाडली तर ती ड्रायव्हरच्या नावावर. चहाच्या टपरीवर अजून ब्रेक मारायच्या आत टपरीवाला लांबूनच हात करायचा, "पुढे लाव, पुढे लाव!" चहासाठी मग मागे चालत यायचं. वासाची सवय होते. लोकांनी हातानं पुढे घालवण्याची मला झाली नाही.

सगळ्या गाड्या अशा नसतात, हे खरं. आणि बंदरावरच्या घरातल्या पोरांना हे सगळं वाचून हसू येईल. मासळीतले माझे काही मित्र आज स्वतःच्या गाड्यांचे मालक आहेत; टँकरमध्ये ड्रायव्हरचा मालक होणं तितकं सोपं दिसत नाही, भांडवलच मोठं लागतं. मालक व्हायचंच डोक्यात असेल तर माझं ऐकू नका.

पण एक गोष्ट टँकरच्या पारड्यात टाकतोच. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी येते. दूध, भाजी, औषधं असल्या मालाला सूट मिळते, आमच्या ॲसिडला कोण देणार? टँकर यार्डात उभा आणि ड्रायव्हर घरी आरतीला. मुंबईतले चाकरमानी रजेसाठी साहेबाच्या मागे लागतात, आम्हाला ती सरकारच देतं.

तरीही मासळीच पक्की असेल तर पगाराचं बोलण्याआधी गाडीखाली वाका. पाण्याची टाकी आहे का बघा, कॉक हातानं फिरवून बघा. फिरत नसेल तर किल्ली हातात घेण्याआधी तो बदलून मागा. एकदा खेपा सुरू झाल्या की शेठला वेळ नसतो.