मोझ अ‍ॅलिसनची रेकॉर्ड घेतली, गाणी दोनच निघाली

शेवटी मागवलीच. अमेरिकेतला जॅझवाला मोझ अ‍ॅलिसन, त्याची ‘बॅक कंट्री स्वीट’, 1957 ची पहिली रेकॉर्ड, आता नव्यानं छापलेली. ऑनलाइन घेतली, मानवतला यायला बारा दिवस लागले, कव्हरचा कोपरा चेपलेला, पॅकिंग म्हणजे नुसता पातळ पुठ्ठा. एक स्टार तिथंच कापला. रेकॉर्डवर ओरखडा नव्हता म्हणून परत नाही पाठवली.

आधीच सांगतो, गाणी ऐकायला घेणार असाल तर थांबा. हा पियानो वाजवत गाणारा म्हणून फेमस, पण यात गायलाय दोनच ठिकाणी, बाकी सगळा पियानो, बास आणि ड्रम. पहिल्यांदा लावली तेव्हा म्हणलं फसलो लेका.

मग पहिली बाजू परत लावली. दहा छोटे छोटे तुकडे, कितीतरी तर दोन मिनिटांचे पण नाहीत, सगळे त्याच्या गावाकडचे. मिसिसिपीत टिप्पो म्हणून गाव, तिथंच शेतावर जन्मला, 1927 मधे, चारी बाजूनं कापूस, आणि ब्लूज, म्हणजे तिकडच्या काळ्या लोकांची दुःखाची गाणी, ऐकला तो पेट्रोल पंपावरच्या ज्यूकबॉक्सवर, नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या पेटीवर. एका तुकड्याचं नाव ‘न्यू ग्राउंड’, नवं रान. आमच्याकडं पऱ्हाट्या उपटून झाल्यावर रान कसं मोकळं दिसतं तसं वाटलं मला तरी, आता त्याला तेच म्हणायचं होतं का काय की.

चौथ्या तुकड्यात तो गातो. ओरडत नाही, आळवत नाही, बांधावर बसून तिरकस बोलल्यासारखं. वडील सरकी भिजवत होते, तिथूनच म्हणले, “हा गाऊ लागलाय का बोलू लागलाय रे?” बरोबर पकडलं त्यांनी. आवाज ऐकून लई लोकांना तो काळा वाटायचा, होता गोरा. कॉलेजात इंग्रजी शिकून 1956 मधे न्यूयॉर्कला गेला, सॅक्सोफोनवाल्या स्टॅन गेट्झसारख्यांच्या मागं पियानो वाजवला. आणि हाच दीड मिनिटाचा चौथा तुकडा पुढं ‘द हू’ या इंग्लंडच्या रॉक बँडनं 1970 च्या ‘लाइव्ह अ‍ॅट लीड्स’ रेकॉर्डमधे असा काही धडाधड वाजवलाय की ओळखूच येत नाही, दोन्ही पाठोपाठ ऐकून बघा एकदा.

साउंड स्वच्छ, बास जरा मागं वाटतो, पण माझा प्लेअर पण जुनाच आहे.

चार स्टार. नुसतं गाणंच पाहिजे त्यांनी ‘मोझ अ‍ॅलिसन सिंग्ज’ घ्या, त्यात गायलेलं एकत्र केलंय. मी पण तीच शोधतोय, फक्त यावेळी पैसे भरायच्या आधी पॅकिंगचा फोटो मागणार.