फोटोरेक (उडालेल्या फाईली परत काढायचं सॉफ्टवेअर) वापरून पाहिलं: पेपर भेटले, नावं गेली

मी नागपुरात नंदनवनला दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतो. सहा वर्षांचे टेस्ट पेपर एकाच ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर, आणि हो, बॅकअप नव्हता, तुम्ही ओरडू नका, बायको ओरडून झाली.

झालं असं की एका झेरॉक्सवाल्याकडे प्रिंटसाठी पेनड्राइव्ह लावला आणि घरी येऊन पाहतो तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. परत गेलो तर म्हणे सर व्हायरस आहे, दोन मिनिटात काढून देतो, आणि बाप्पा, त्यानं सरळ क्विक फॉर्मॅटच मारला, पेनड्राइव्ह कोराच दिसू लागला! मागून समजलं की हा व्हायरस फाईली उडवतच नाही, फक्त त्यांना हिडन आणि सिस्टिम करून लपवते अन् समोर खोटे शॉर्टकट ठेवते, अ‍ॅट्रिब नावाची विंडोजची एक कमांड मारली असती तर सगळं जिथल्या तिथं दिसलं असतं.

बर्डीवर एका रिकव्हरीवाल्यानं साडेचार हजार सांगितले, आणि काही नाही निघालं तरी चेकिंगचे पाचशे वेगळे. तेवढ्यात माझ्याच एका जुन्या पोरानं फोटोरेक सांगितलं. फुकट आहे, टेस्टडिस्क नावाच्या सॉफ्टवेअरच्या झिपमध्येच येते, इन्स्टॉलही करा लागत नाही. उघडलं की काळी स्क्रीन, माऊस चालत नाही, नुसते बाण अन् एंटर. मी तर घाबरलोच होतो, मग दिसलं की त्याच फोल्डरमध्ये क्यूफोटोरेक पण आहे, बटनंवालं, तेच घ्या.

नाव फोटोचं असलं तरी वर्ड, पीडीएफ, झिप सगळं शोधते, ४८० च्या वर एक्स्टेन्शन, म्हणजे फाईलींचे प्रकार, ओळखते. क्विक फॉर्मॅटमध्ये फक्त फाईलींच्या नावांची यादी कोरी होते, माल तिथंच पडून राहते, अन् हे सॉफ्टवेअर यादीकडे न पाहता पूर्ण पेनड्राइव्ह चाळून फाईलीची सुरुवात कुठं दिसते ते पाहते. फॉर्मॅट झाला असेल तर कुठं शोधायचं विचारते तिथं फ्री (फक्त रिकामी जागा) च्या जागी होल (पूर्ण) निवडा. आणि मुख्य म्हणजे निघालेला माल कॉम्प्युटरवर सेव्ह करा, त्याच पेनड्राइव्हवर केला तर जे वाचलं होतं त्याच्यावरच लिहून बसाल.

तासाभरात रिकप डिर १, रिकप डिर २ असे सात फोल्डर झाले, एकेकात पाचशे फाईली. आता खरी गंमत. यादीच नाही म्हटल्यावर नावं कुठून येतील? 'त्रिकोणमिती टेस्ट २' च्या जागी एफ अन् पुढं सात आकडे, बस. काही पीडीएफना आतलं टायटल लागलं होतं तेवढेच सुटले. तीन रात्री एकेक फाईल उघडून पाहून राहिलो होतो, त्यात एकच पेपर चार-चारदा, कुठं अर्धाच, तर चाळीसेक फाईली उघडल्याच नाही, तुकड्या-तुकड्यात सेव्ह झालेल्या असल्या की असं होते. पण दहातले नऊ पेपर भेटले, एक रुपया न देता. नावं गेली म्हणून एक स्टार कापतो, पाचातून चार.

अजून एक. हा पेनड्राइव्ह आधी साळ्याचा होता, त्यानं "सगळं डिलीट करून" दिला होता. सातव्या फोल्डरात त्याच्या सॅलरी स्लिपा निघाल्या! पगार मला जेवढा सांगते तेवढा नाही, एवढंच लिहितो, तो पण हे वाचेल. म्हणून कोणाला पेनड्राइव्ह द्यायचा असेल तर फॉर्मॅट करताना क्विक फॉर्मॅटवरची टिक काढा, मग विंडोज सगळीकडे शून्य लिहिते. वेळ लागते. मी लावून दिलं आणि तर्री पोहे खाऊन आलो, तरी चालूच होतं.