एक्सेलमधे रंग मोजता येतो का? डब्यांच्या हिशोबाला सहा महिने वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आमच्या वहिनी चिंचवडला डबे देतात. 43 गिऱ्हाईकं आहेत, बहुतेक कंपनीत जाणारी पोरं, आणि सगळा हिशोब एक्सेलमधे. उभी नावं, आडव्या तारखा, आणि सेलमधे एक अक्षर नाही, नुसते रंग. पूर्ण डबा गेला की हिरवा, नुसती पोळीभाजी गेली की पिवळा, सुट्टी असली की लाल. महिना संपला की स्क्रीनवर बोट ठेवून एकेक ओळ मोजायच्या, मधेच कुकरची शिट्टी झाली की परत पहिल्यापासून. पूर्ण डबा 80 रुपये, पोळीभाजी 50, त्यामुळे एक हिरवा चुकला तरी पैसे जातात. जानेवारीत मला म्हणाल्या, "भाऊजी, एवढं रंगवलंय मी, ते मोजून नाही का देणार हे?"

मला वाटलं काउंटइफ, म्हणजे अट दिली की त्यात बसणारे सेल मोजणारं फंक्शन, लावलं की झालं. नाही होत. काउंटइफ, समइफ, नुसतं इफ, हे सगळे सेलमधे काय लिहिलंय तेवढंच बघतात, सेल कसा दिसतो ते त्यांना कळतच नाही. सेल नावाचं एक फंक्शन आहे आणि त्यात कलर हा पर्यायपण आहे, तो बघून मी खूश झालो होतो, पण तो फक्त एवढंच सांगतो की निगेटिव्ह आकडे रंगात दाखवायचा फॉरमॅट लावलाय का, लावला असेल तर 1 नाहीतर 0. मागच्या रंगाशी त्याचा काहीही संबंध नाही, कोणी त्याच्या मागे लागू नका.

मग फिल्टर. रंगावरून फिल्टर आणि सॉर्ट एक्सेलमधे 2007 च्या व्हर्जनपासून आहे, गूगल शीट्समधे 2020 ला आलं, लिबरऑफिस कॅल्कमधे रंगाचा फिल्टर 7.2 पासून. ही गोष्ट मनापासून चांगली आहे. कॉलमखाली सबटोटल लावायचं, हे फंक्शन फिल्टरमधून दिसणाऱ्या ओळीच धरतं, आकडे मिळवायचे असतील तर पहिल्या जागी 9, भरलेले सेल मोजायचे असतील तर 3, आणि फिल्टरमधे पिवळा निवडला की फक्त पिवळ्या ओळींचं उत्तर येतं. किराणा उधारी, भिशी, सोसायटीचा मेंटेनन्स, जिथे एका माणसाची एक ओळ आणि एकाच कॉलममधे रंग आहे तिथे याच्यापुढे जायची गरजच नाही, डोळे झाकून वापरा.

पण वहिनींचे रंग आडवे. फिल्टर फक्त उभा चालतो, आणि एका पोराचे 31 दिवस आडवे पसरलेत, म्हणजे 43 गुणिले 31, 1333 सेल, तिथे फिल्टर काय करणार. आणि सेल रिकामे, म्हणून सबटोटललाही मोजायला काही नाही.

तिथून मी गेट डॉट सेल पर्यंत पोचलो. हे एक्सेल 4 च्या काळातलं मॅक्रो (म्हणजे एक्सेलमधे चालणारा छोटा प्रोग्राम) फंक्शन आहे, 1992 चं, सेलमधे थेट लिहिलं तर चालत नाही, नेम मॅनेजरमधे जाऊन एक नाव बनवायचं आणि त्या नावाच्या पोटात ते लिहायचं, 63 हा आकडा, म्हणजे मागचा रंग सांग, आणि पुढे सेलचा पत्ता, डॉलरची खूण न लावता. मग दुसऱ्या शीटवर तेवढाच चौकोन घेऊन सगळीकडे बरोबरची (=) खूण आणि पुढे ते नाव लिहायचं, की प्रत्येक सेलच्या रंगाचा नंबर येतो. भडक पिवळ्याला 6, भडक लालला 3, काहीच रंग नसेल तर 0. आता हे साधे आकडे झाले, यांच्यावर काउंटइफ मस्त चालतं. पहिल्यांदा फेब्रुवारीचं बिल असं निघालं तेव्हा वहिनींनी शेजारी बसून हाताने मोजून ताडून पाहिलं, सगळंच्या सगळं जुळलं, आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू.

मार्चमधे घोळ झाला. एका पोराने दोन दिवस सुट्टी नंतर कळवली, वहिनींनी हिरव्याचा लाल केला, आणि मी बिल 26 डब्यांचं पाठवलं, खरे होते 24. कारण रंग बदलणं म्हणजे डेटा बदलणं नाही, त्यामुळे फॉर्म्युला परत चालतच नाही, जुना आकडा तसाच बसून राहतो. कंट्रोल ऑल्ट एफ 9 दाबलं की सगळं नव्याने मोजलं जातं, मी ते दाबलं नव्हतं. त्या पोराने सरळपणे फोन करून विचारलं, मग आम्ही 160 रुपये कमी केले, पण वहिनींना फार लागलं ते. डब्याच्या धंद्यात चव आणि विश्वास सोडून दुसरं आहे काय.

अजून दोन गोष्टी लक्षात आल्या. हे फंक्शन जुन्या 56 रंगांच्या पेटीतलाच नंबर देतं, म्हणजे एकमेकांजवळच्या दोन फिक्या हिरव्यांना एकच नंबर मिळू शकतो, तर रंग भडक आणि लांबलांबचे घ्या. आणि फाइल मॅक्रोवाली सेव्ह करावी लागते, त्यात हे जुने मॅक्रो आता सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवलेले असतात, व्हायरसवाल्यांनी त्यांचा फार गैरवापर केला म्हणून, ते मला योग्यच वाटतं. व्हीबीए या एक्सेलच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत स्वतःचं फंक्शन लिहूनही रंग वाचता येतो आणि ते लिहायला सोपंय, पण रंग बदलल्यावर नव्याने मोजायची रड तिथेही तीच, आणि मोबाईलवर मॅक्रो चालत नाहीत. वहिनी सकाळी मोबाईलवरच भरतात! गूगल शीट्समधे ॲप्स स्क्रिप्टने, म्हणजे तिथल्या प्रोग्रामिंगने, पण केलं, तिथेही उत्तर जुनंच दिसत राहतं.

लोक म्हणतात रंग म्हणजे डेटा नाही, रंगवणाऱ्यांचीच चूक. मला हे अजिबात पटत नाही. सकाळी साडेसातला एका हाताला कणीक लागलेली असताना माणूस रंगच देणार, आणि पूर्ण महिन्यावर एक नजर टाकली की कोण किती दिवस गावाला गेलं ते त्यांना लगेच कळतं. ती त्यांची लिहायची पद्धत आहे, आपण तिला सांभाळून घ्यायचं.

म्हणून एप्रिलपासून उलटं केलंय. गूगल शीट्समधे प्रत्येक सेलला ड्रॉपडाउन, म्हणजे निवडायची यादी, पू (पूर्ण डबा), अ (नुसती पोळीभाजी) आणि सु (सुट्टी), आणि प्रत्येक पर्यायाला त्यांचाच रंग. एकदा कॉम्प्युटरवर लावून दिलं, आता त्या मोबाईलवर बोट लावतात, अक्षर बसतं आणि रंग आपोआप येतो. मोजायला साधं काउंटइफ, पू च्या संख्येला 80 नी गुणायचं, अ च्या संख्येला 50 नी, बेरीज म्हणजे बिल. सुट्टी उशिरा कळली तरी बदलल्याबरोबर बिल बदलतं. एक्सेलमधेही हेच होतं, डेटा व्हॅलिडेशनची यादी आणि वरून कंडिशनल फॉरमॅटिंग, म्हणजे अक्षर बघून आपोआप रंग.

तर माझं मत, रंगाच्या फिल्टरला पाचपैकी साडेचार, गेट डॉट सेलला दोन, तेही एकदाच हिशोब काढायचा असेल तर, ड्रॉपडाउनला पूर्ण पाच.

आणि ज्यांच्याकडे आधीच रंगवलेली शीटं पडलीत त्यांनी ती फेकू नका. एक्सेलमधे कंट्रोल एफ, ऑप्शन्समधे फॉरमॅट, तिथून रंगाचा एक सेल उचलायचा, शोधायची जागा रिकामी ठेवून फाइंड ऑल करायचं, खालच्या यादीत कंट्रोल ए, खिडकी बंद, मग पू टाइप करून कंट्रोल एंटर, त्या रंगाच्या सगळ्या सेलमधे एकदम पू बसतो. तीन रंगांना तीन वेळा. वहिनींचे जुने तिन्ही महिने मी एका दुपारी चहा गार व्हायच्या आत असे भरले.