वर्गणी भरावी की येऊरला राबावं?

आमच्या इमारतीतल्या एक काकू मार्चअखेरीला बँकेतून निवृत्त झाल्या. परवा लिफ्टमध्ये म्हणाल्या, "अरे, झाडाजंगलासाठी काहीतरी करायचंय. कुठे सभासद होऊ, की सरळ कुदळ घेऊन येऊरला जाऊ?" तेवढ्यात चौथा मजला आला आणि उत्तर राहिलं. ते इथे लिहितो, कारण ठाण्यात हा प्रश्न पडलेली बरीच मंडळी भेटतात. (येऊर म्हणजे ठाण्याला लागून असलेलं, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातलं डोंगराळ रान.)

वर्गणी म्हटलं की पहिलं नाव बीएनएचएसचं, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं. 1883 साली आठ हौशी माणसांनी सुरू केलेली ही संस्था. फोर्टात हॉर्नबिल हाऊस ही तिची कचेरी आहे, आणि गोरेगावला राष्ट्रीय उद्यानाला लागून निसर्गशिक्षणाचं केंद्र. सभासदाला 'हॉर्नबिल' हे नियतकालिक मिळतं, निसर्गफेऱ्यांत सवलत मिळते, ग्रंथालय खुलं होतं. (संस्थेच्या चिन्हावरचा धनेश, म्हणजे हॉर्नबिल पक्षी, काल्पनिक नाही बरं का. विल्यम नावाचा खराखुरा धनेश 1894 पासून 1920 पर्यंत संस्थेच्या कचेरीत राहत होता.) पण नियतकालिकासाठी सभासद होऊ नका, ते महागात पडेल. वर्गणी ज्या कामाला लागते ते तुमच्या-माझ्या रविवारातून होणारं नसतं. 2022 मध्ये याच संस्थेनं ठाणे खाडीतल्या सहा रोहित पक्ष्यांवर (फ्लेमिंगोंवर) जीपीएस यंत्रं बसवली. ऐरोलीच्या पुलावरून दिसणारा गुलाबी थवा पावसाळ्यात कुठे जातो, हे सांगायला पक्षी पकडता येणारी प्रशिक्षित माणसं लागतात, सरकारी परवानग्या लागतात आणि वर्षानुवर्षं पगार द्यावे लागतात. तिथे कुदळीचा काय उपयोग?

करसवलतीचं थोडक्यात. वर्गणी आणि देणगी एक नव्हे. करात सवलत मिळते ती देणगीला, तीही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. आणि 2,000 रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. याच राष्ट्रीय उद्यानात, बोरिवलीच्या बाजूला, प्राणी दत्तक घ्यायची योजनाही आहे. नातवाच्या वाढदिवसाला छान. पण तो पैसा पिंजऱ्यातल्या प्राण्याच्या खाण्यापिण्यावर जातो, येऊरच्या उतारावरचं रान त्यानं राखलं जात नाही. दत्तक बिबट्या आणि मोकळा बिबट्या यांत गल्लत नको.

आता राणीबाग. ठाण्याहून भायखळा गाठायला लोकलनं पाऊण तास, स्टेशनातून चालत जाता येतं. 1862 मध्ये खुली झालेली ही बाग लोकांना पेंग्विनमुळे माहीत आहे. माझ्या लेखी ती आधी झाडांची. गोरखचिंच आहे, कैलासपती आहे, आणि फुलोऱ्यातली उर्वशी एकदा तरी खालून वर मान करून बघा. लांब दांड्यांवर लाल-पिवळी फुलं झुंबरासारखी लोंबत असतात. 2007 च्या सुमारास पालिकेनं प्राणिसंग्रहालयाचा मोठा आराखडा आणला, तेव्हा काही नागरिक या झाडांसाठी उभे राहिले. त्यांनी झाडं मोजली, जाती ओळखल्या, लोकांना बागेतून फिरवलं, वारसा समितीपुढे बाजू मांडली. जागा पालिकेची, त्यामुळे नुसत्या पैशानं फार काही झालं नसतं. लागले ते तास. ज्यांना झाडं ओळखायची आवड आहे आणि चार लोकांपुढे बोलायला संकोच वाटत नाही, त्यांनी इथे वेळ द्यावा. बुधवारी बाग बंद असते, एवढं लक्षात ठेवा.

आणि येऊर. इथे अंगमेहनत आहे आणि फसगतही. मी पहिल्यांदा एका गटाबरोबर सफाईला गेलो तेव्हा पाऊण तास फलक धरून फोटो काढण्यात गेला, आणि गोळा केलेल्या बाटल्यांची पोती न्यायला गाडीच नव्हती! पोती तिथेच राहिली. तेव्हापासून जाण्याआधी मी दोनच गोष्टी विचारतो: वनखात्याची परवानगी आहे का, आणि कचरा खाली कोण नेणार? परवानगीचा मुद्दा कागदी नाही. राष्ट्रीय उद्यानात आपल्या मनानं झुडूपसुद्धा तोडता येत नाही, ते कितीही उपद्रवी असो.

घाणेरी (लँटाना) या रान व्यापणाऱ्या झुडपाचंच बघा. नुसती छाटली की दुप्पट फुटते. कुदळीनं माती सारून जमिनीखाली दोन-तीन बोटांवर मूळ तोडायचं, मग अख्खं झुडूप उलटं करून, मुळं आभाळाकडे करून ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा धरत नाही. हे फळं धरण्याआधी, कारण एकदा का काळी फळं पाखरांनी खाल्ली की बी डोंगरभर. आणि पुढच्या पावसानंतर त्याच जागी परत जायचं, उगवलेली रोपं उपटायला. म्हणून एकदाच येऊन जाणाऱ्याचा इथे उपयोग कमी. उलट त्याला शिकवण्यात जुन्यांची सकाळ जाते.

तेव्हा महिन्यातला एक रविवार वर्षभर नक्की देता येत असेल, तर येऊर. ठाणेकराला याहून जवळचं काही नाही. तसा शब्द देता येत नसेल, नोकरी फिरतीची असेल, तर खुशाल वर्गणी भरा आणि अपराधी वाटून घेऊ नका. दोन्ही करायचं असेल तर आधी सहा महिने हातानं काम करा, मग कुणाला पैसे द्यायचे ते आपोआप समजतं. काकूंचे गुडघे कुरकुरतात, म्हणून त्यांना मी आधी राणीबागेतली झाडांची फेरी सुचवणार आहे. त्या ऐकतील असं वाटत नाही. काल त्यांच्या दाराशी जाड चामडी हातमोज्यांची जोडी उन्हात ठेवलेली दिसली, आणि वॉचमनला त्या येऊरच्या बसची वेळ विचारत होत्या.