एमजीबी: चालवली चौदा महिने, मोडकी विकायला लागले पाच

1972ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे पक्कं छत नसलेली ब्रिटिश स्पोर्ट्स कार. क्रोम बंपर, तारांची चाकं, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जादा गिअर). चौदा महिन्यांत सव्वाचार हजार मैल चालवली. मग ऑक्टोबरात, इंग्लंडात डर्बीशरमधल्या एका ओल्या वळणावर मागची बाजू घसरली आणि डावं पुढचं चाक दगडी गडग्यावर जाऊन बसलं. मला खरचटलंही नाही. चूक माझीच, पानांनी भरलेल्या रस्त्यावर ॲक्सिलरेटरवरचा पाय एवढा झटकन उचलायला नको होता.

आधी चालवण्याबद्दल, थोडक्यात. 1798 सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर. आजची साधी हॅचबॅकही हिला मागे टाकेल, पण बूड रस्त्याला टेकल्यासारखं असलं की चाळीसचा वेग साठचा वाटतो. सांभाळायला अवघड नाही, फक्त कामं लक्षात ठेवावी लागतात. दर 3000 मैलांनी किंगपिनांना (पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या खिळ्यांना) ग्रीस. 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे फळीखाली आहेत, त्या काढताना पाठ धरते. 2021पासून इथल्या पंपांवर साधं पेट्रोल म्हणजे ई10, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं, ते जुन्या गाड्यांना सोसत नाही, म्हणून हिला महागडं सुपर. वय चाळिशीपार, त्यामुळे रोड टॅक्स शून्य आणि एमओटीची, म्हणजे वार्षिक तपासणीची, सक्ती नाही. (मी तरी करून घेत होतो. ब्रेक आपले, जीवही आपलाच.)

विमा घेताना एक बरं केलं होतं: ठरीव किमतीची पॉलिसी. 9,500 पौंड आधीच लिहिलेले, त्यामुळे बाजारभावावरून हुज्जत झाली नाही. दुरुस्तीचा अंदाज आठ हजारांच्या वर गेला आणि गाडी राइट-ऑफ झाली, म्हणजे कंपनीच्या हिशोबात दुरुस्तीच्या पलीकडची, कॅटेगरी एस. 2017पूर्वी सी आणि डी असायचे, ते खर्चाच्या हिशोबावर. आता मार सांगाड्याला असेल तर एस, नसेल तर एन. 1,300 पौंड कापून घेऊन विमा कंपनीने मोडकी गाडी माझ्याकडेच ठेवू दिली. एस असल्यामुळे जुनं लॉगबुक (गाडीच्या नोंदणीचा कागद) त्यांच्याकडे द्यायचं आणि व्ही62 फॉर्म भरून नवीन मागवायचं. ते फुकट मिळतं, पण त्यावर कॅटेगरी छापून येते आणि ती पुसली जात नाही.

माझी अडचण त्या अक्षराचीच झाली. एस म्हणजे सांगाड्याला मार, पण किती मार, ते त्यात कुठेच नाही. चॅसिस रेलला (सांगाड्याच्या लांब तुळईला) एक सुरकुती पडली तरी एस, आणि गाडी केळ्यासारखी वाकली तरी एस. ग्राहक अर्थातच केळं धरून चालतो.

पहिली जाहिरात मी मूर्खासारखी केली. गाडी धुतली, उजव्या बाजूने, उन्हात, सुरेख फोटो काढले. डाव्या बाजूचा एकच, तोही लांबून. दोन महिन्यांत तीन फोन आले. दोघांना फक्त चाकं आणि ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स हवा होता, बाकीचं तुम्हीच भंगारात घाला म्हणे. तिसऱ्याने सहाशे पौंड सांगितले. बायको म्हणाली, ‘‘स्थळ दाखवताना एका कुशीवरच निजवलंय तिला, लोकांना संशय येणारच.’’

मग हात काळे केले. एमजीबीचे पुढचे मडगार्ड बोल्टवर असतात, वेल्डिंगवर नाही, म्हणून डावा मडगार्ड मलाच काढता आला. एक बोल्ट गंजून तुटला, बाकी सुटले. आत चॅसिस रेलला चाकाच्या पुढे एक घडी पडलेली, तळहाताएवढी. हिच्या आधीच्या एमजीएला खाली वेगळी चॅसिस होती. 1962पासून आलेल्या एमजीबीत पत्र्याचं अंग हाच सांगाडा, म्हणून ही घडी महत्त्वाची. गाडी चार स्टँडवर सपाट धरली, खालच्या ठरावीक बिंदूंवरून ओळंबा सोडला, गॅरेजच्या फरशीवर खडूने खुणा केल्या, गाडी बाजूला घेतली आणि टेपने कर्ण मोजले. पुढच्या भागात एक कर्ण 11 मिलिमीटर आखूड. दारापासून मागे दोन्ही सारखे. म्हणजे मार क्रॉसमेंबरच्या, पुढच्या आडव्या तुळईच्या, पलीकडे गेलेला नव्हता.

दुसऱ्या जाहिरातीत सुंदर फोटो एकही नव्हता. घडीवर टेप धरलेला फोटो, खडूच्या खुणा, आकडे, तुटलेला बोल्ट, थंड इंजिन चोकवर सुरू होतानाचा व्हिडिओ. आठवड्यात नऊ फोन आले.

घेणारे गृहस्थ सत्तरीचे. आले ते घडीकडे न बघता दारांकडे गेले. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराखालच्या सिलवरून सरकवत नेलं, पुट्टी कुठे भरलीय का बघायला. मग पुढच्या चाकामागे जॅक लावून गाडी उचलली आणि दाराच्या फटीत बोट घालून उभे राहिले. रोडस्टरला छताचा आधार नसतो, सगळा भार सिलवर. सिल कुजलेली असली की जॅकवर फट मिटते आणि दार अडकतं. माझ्या गाडीची फट जराही हलली नाही, दार सहज उघडलं. तेव्हा कुठे त्यांनी वाकून घडी पाहिली. ‘रेलचा तुकडा मिळतो,’ एवढंच म्हणाले. बॉडीचं नवं अख्खं शेलही मिळतं, पण ते घ्यायचं तर धड गाडीएवढा खर्च.

2,600 पौंडांवर सौदा झाला. लॉगबुकची हिरवी चिठ्ठी त्यांना दिली आणि त्यांच्यासमोरच डीव्हीएलएला, म्हणजे वाहन नोंदणी खात्याला, ऑनलाइन विक्री कळवली. ट्रेलरवर चढवताना मोडकं चाक फिरेना, ते चौघांनी उचलून ढकललं.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. चाकाचे मधले नट काढायची तांब्याची हातोडी माझ्या गॅरेजमध्येच राहिली होती. पोस्टाने पाठवली.