पाय शेकायला एप्सम की खडेमीठ?

एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. त्यातलं मॅग्नेशियम अंगात मुरतं हा डब्यावरचा दावा बाजूला ठेवा. त्याला भक्कम पुरावा नाही. आराम मुख्यतः कोमट पाण्याचा.

प्रमाण दोन्हींचं सारखंच: ५ लिटर पाण्याला अर्धी वाटी. आधी तांब्याभर गरम पाण्यात विरघळवा, मग बाकीचं ओता. पाणी ३८ ते ४० अंश, वेळ १५ मिनिटं. टब प्लास्टिकचाच, खडेमिठानं पत्र्याचं घमेलं गंजतं.

खर्चात खडेमीठ कितीतरी स्वस्त. पण भेगांना ते जास्त झोंबतं, आणि बेळगावकडच्या खानापूरच्या पावसात बरणीत पाणी सुटतं. एप्समचं उलट: अथणीच्या कोरड्या उन्हाळ्यात खड्यांतलं पाणी उडून पांढरी भुकटी होते. ती वाया जात नाही, थोडी कमी घ्या. साबण मात्र एप्समच्या पाण्यात फेसत नाही. बोअरच्या जड पाण्यात तर मुळीच नाही.

कृषी सेवा केंद्रातलं मॅग्नेशियम सल्फेट नावानं तेच असलं तरी खताच्या प्रतीचं असतं, ते नको.

दिवसभर उभं राहून पाय ठणकतात, एवढंच असेल तर खडेमीठ पुरे. टाचांना भेगा असतील तर एप्सम. जखम असेल किंवा मधुमेहानं पाय बधिर असतील तर दोन्ही नकोत, आधी डॉक्टरांना दाखवा.